एकच मॅग्नेटो दोन विमानांवर: इंजिनाच्या सुट्या भागांचे सिरीयल नंबर वारंवार का चुकतात आणि नोंदी कशा दुरुस्त कराव्यात

प्रशिक्षण विमानांच्या इंजिनांची देखभाल करणाऱ्या लहान विभागांत एक तक्रार दर ऑडिटच्या तोंडावर नव्याने उभी राहते. संगणकातील नोंदवहीप्रमाणे एक मॅग्नेटो (स्पार्क प्लगना ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) पहिल्या विमानावर असतो, इंजिन लॉगबुकप्रमाणे तोच दुसऱ्या विमानावर असतो, आणि काऊल (इंजिनावरचे आवरण) उघडून पाहावे तर तिथे तिसऱ्याच सिरीयल नंबराचा मॅग्नेटो बसलेला सापडतो. मग कोणीतरी संध्याकाळी उशिरापर्यंत बसून आकडे जुळवतो, ऑडिट पार पडते आणि काही महिन्यांनी तोच घोळ दुसऱ्या भागाच्या बाबतीत पुन्हा दिसतो. बडोद्यात ज्या विभागाच्या तांत्रिक नोंदी माझ्याकडे असतात तिथला आणि इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलण्यातून कळलेला अनुभव असा की, या चुका टंकलेखनाच्या म्हणून दुरुस्त केल्या जातात, पण त्यांपैकी फार थोड्या खरोखर टंकलेखनाच्या असतात. भाग एका हातातून दुसऱ्या हातात जाताना जिथे कागद मागे राहतो तिथे चूक जन्माला येते, आणि तो टप्पा न शोधता केवळ आकडा बदलला तर चूक मिटत नाही, फक्त तिचा माग पुसला जातो.

म्हणून पहिली सूचना अशी की, विसंगती दिसताच नोंदवहीत काहीही बदलू नये. आहे त्या स्थितीची प्रत काढून तारखेसह बाजूला ठेवावी. तो भाग बसलेले विमान उड्डाणासाठी सोडायचे की नाही, हा निर्णय प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या एएमईचा (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याचा) आणि गुणवत्ता विभागाचा असतो. नोंदी ठेवणाऱ्याने तो आपल्या अंगावर घेऊ नये आणि त्यांना न कळवता गप्पही बसू नये.

आधी भाग पाहावा, नंतर संगणकाचा पडदा

सिरीयल नंबराचा अंतिम पुरावा म्हणजे भागावरील पाटी किंवा कोरलेला ठसा. तो प्रत्यक्ष वाचल्याशिवाय पुढचे एकही पाऊल टाकू नये, हे सांगायला सोपे असले तरी करायला अवघड आहे, कारण मॅग्नेटो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या अग्निरोधक भिंतीच्या) बाजूला असतो आणि त्याची पाटी बहुधा नेमकी पलीकडच्या अंगाला, तेलाच्या थराखाली दडलेली असते. दांड्याचा आरसा आणि टॉर्च घेऊन वाचताना अक्षरे उलटी दिसतात, आणि आरशातून मोबाईलवर घेतलेले छायाचित्र सरळ न करताच पाठवले तर वाचणारा तीन आणि आठ, सहा आणि नऊ यांत हमखास गोंधळतो. म्हणून पाटी आधी फडक्याने पुसावी, आरशातल्या छायाचित्रावर तसे लिहावे, आणि दोघांनी एकमेकांचे न पाहता आकडा वेगवेगळ्या कागदांवर उतरवावा. दोन्ही कागद जुळले तरच तो आकडा पक्का मानावा.

ठसा झिजलेला असेल तर जुनी युक्ती अजूनही उत्तम चालते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आरटीओसाठी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून ठसा घेतात, तसाच पातळ कागदाचा ठसा इथेही घेता येतो आणि तो फाईलमध्ये पुरावा म्हणून राहतो. पेन्सिलीचे टोक मात्र थेट धातूला लागू देऊ नये. ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियमला गंज चढण्याची वाट मोकळी होते, आणि टर्बाइन इंजिनाच्या तप्त भागावर तर साध्या पेन्सिलीने खूण करणे निषिद्धच आहे, कारण उष्णतेत तो कार्बन धातूत शिरून त्याला कमकुवत करतो.

आणखी एक घोटाळा इथेच होतो. ओतीव आवरणावर उठावाने आलेला आकडा हा साच्याचा क्रमांक असतो; तो ना पार्ट नंबर (भागाचा प्रकार सांगणारा क्रमांक) असतो, ना सिरीयल नंबर. नवा मुलगा मोठा आणि स्पष्ट दिसणारा आकडा लिहून मोकळा होतो, आणि मग एकाच ‘नंबरा’ची चार सिलिंडरे नोंदवहीत दिसू लागतात.

उसना घेतलेला भाग

या समस्येचे सर्वांत मोठे कारण मी उसनवारी मानतो. एका सेसना १७२ एस च्या रन-अपमध्ये (उड्डाणापूर्वीच्या इंजिन चाचणीत) मॅग्नेटो तपासताना इंजिनाच्या फेऱ्यांची घट मर्यादेबाहेर जाते; या प्रकारात ती एका मॅग्नेटोवर १५० आरपीएमपेक्षा आणि इंजिनाच्या दोन मॅग्नेटोंतील फरक ५० पेक्षा जास्त असू नये. स्पार्क प्लग साफ केले, तरी फरक पडत नाही. शेजारी दुसरे विमान १०० तासांच्या तपासणीसाठी उघडेच असते. त्याचा मॅग्नेटो काढून ‘फक्त तपासण्यासाठी’ इकडे बसवला जातो, इंजिन सुरळीत चालते, दोष मॅग्नेटोत होता हे सिद्ध होते, आणि सकाळची सॉर्टी (उड्डाण) उभी असल्यामुळे तो मॅग्नेटो तिथेच राहतो. बिघडलेला मॅग्नेटो बाकावर जातो. शेजारच्या विमानासाठी स्टोअरमधून नवा येतो आणि त्याची बसवल्याची नोंद अगदी व्यवस्थित होते, कारण त्याच्यासोबत कागद असतो. मधल्या दोन हालचालींना मात्र कागदच नसतो.

दोष शोधण्यासाठी भाग अदलाबदल करणे ही मान्य पद्धत आहे. तिला नोंद नसणे हा दोष आहे. अशा वेळी नोंदवहीत भाग काढल्याची आणि बसवल्याची अशा प्रत्येकी दोन नोंदी लागतात, आणि त्या दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वेळी केल्या तर त्यांपैकी एक गळते. यावर उपाय म्हणजे एकच जोडचिठ्ठी. डाव्या बाजूला ‘कुठून काढला, किती तासांवर, का’ आणि उजव्या बाजूला ‘कुठे बसवला, किती तासांवर’. उजवी बाजू रिकामी असलेली चिठ्ठी पाळी संपताना फळ्यावरून काढायचीच नाही. चिठ्ठी भागालाच तारेने बांधलेली असावी. खिशात गेलेली चिठ्ठी धुलाईत जाते.

पार्ट नंबर बदलतो, सिरीयल तोच राहतो

सर्व्हिस बुलेटिनप्रमाणे (उत्पादकाच्या सूचनापत्राप्रमाणे) एखाद्या भागात सुधारणा केली की बऱ्याचदा त्याच्या पार्ट नंबरच्या शेवटी नवा आकडा लागतो आणि पाटीवरही तशी खूण होते. सिरीयल नंबर मात्र तोच राहतो. भाग ओव्हरहॉलहून (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीहून) परत आला की स्टोअरचा संगणक नव्या पार्ट नंबरामुळे त्याला नवा भाग समजतो आणि नवे पान उघडतो; जुने पान ‘दुरुस्तीसाठी पाठवले’ या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहते. दोन पानांवर दोन वेगळे तास जमा होतात आणि पुढे कोणीतरी त्यांतले सोयीचे पान धरतो. ही चूक शोधायची असेल तर ‘बाहेर गेलेले आणि न परतलेले’ अशा भागांची यादी काढून तिच्यातील प्रत्येक सिरीयल नंबर चालू यादीत शोधून पाहावा. फारसे कष्ट न घेता सर्वाधिक घोळ उघडकीला आणणारी तपासणी हीच आहे.

उलट दिशेची चूकही होते. सिरीयल नंबर हा एकट्याने अद्वितीय नसतो. उत्पादक, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर या तिघांची जोडणी झाल्यावरच तो एका वस्तूकडे बोट दाखवतो. नोंदवहीत केवळ सिरीयल नंबर टाकून शोध घेतला की एका कंपनीचा व्हॅक्यूम पंप आणि दुसऱ्या कंपनीचा अल्टरनेटर यांच्या नोंदी एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो.

कधी कधी उत्पादकाच्या कागदांतच एक आकडा दोन वस्तूंना लागतो, आणि याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या विषयातलेच आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील सीएफ६-६ इंजिनाची पहिल्या टप्प्याची फॅन डिस्क हवेत फुटली. विमान सू सिटी येथे कोसळले आणि २९६ पैकी ११२ जण दगावले. त्या टायटॅनियम डिस्कचा सिरीयल नंबर एमपीओ ००३८५ होता आणि तिची १५,५०३ सायकल (एक उड्डाण म्हणजे साधारण एक सायकल) झाली होती, तर मर्यादा १८,००० सायकलची होती. अपघाताचे मूळ धातूतील जन्मजात दोष आणि तपासणीत निसटलेली भेग यांत होते, नोंदींत नव्हते. पण तपासकर्त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभीचे उत्पादकाचे कागद काढले तेव्हा त्यांत याच सिरीयल नंबराच्या दोन डिस्क निघाल्या, आणि त्यांतली एक अल्ट्रासोनिक चाचणीत नापास झालेली होती. फुटलेली डिस्क टायटॅनियमच्या कोणत्या ओतणीतून आली आणि त्याच ओतणीतल्या बाकीच्या डिस्क कोणत्या विमानांवर फिरत आहेत, हे ठरवताना नुसत्या कागदांवर विसंबण्याची सोय उरली नाही. सिरीयल नंबराचे खरे काम अशा दिवशी लागते. रोजच्या दिवसांत तो निव्वळ कटकट वाटतो.

लायकमिंग कंपनीच्या इंजिनांबाबत एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट इथेच सांगतो. साध्या इंजिनाचा क्रमांक ‘एल’ने सुरू होतो, आणि कंपनीने स्वतः पुनर्निर्मित केलेल्या इंजिनाच्या क्रमांकाआधी ‘आर’ लागून तो ‘आरएल’ होतो. पुनर्निर्मित इंजिनाला उत्पादक शून्य तासांपासून नवे लॉगबुक देऊ शकतो, ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाचा जुना इतिहास मात्र पुढे चालू राहतो. एक अक्षर गाळले की हा सगळा फरक नाहीसा होतो.

तक्त्याने खाल्लेली शून्ये

लहान विभागांत मुख्य प्रणाली काहीही असो, खरे काम एक्सेलच्या तक्त्यावर चालते. एक्सेल सिरीयल नंबराला संख्या समजते. ००३८५ लिहिले की ३८५ उरते. १२ई५ असा क्रमांक लिहिला की तो त्याला घातांक समजून बारा लाख करून टाकतो. ३-१२ अशा क्रमांकाची तो तारीख बनवतो, आणि पंधरापेक्षा जास्त अंक असलेल्या क्रमांकाचे पुढचे अंक शून्य करून ठेवतो. सर्वांत वाईट गोष्ट ही की, हे झाल्यावर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेले अंक परत येत नाहीत, आणि रकाना आधीच टेक्स्ट केलेला असला तरी फाईल सीएसव्ही करून कोणी दोनदा टिचकी मारून उघडली की सगळे पुन्हा घडते. म्हणून सीएसव्ही थेट न उघडता आयात करावी, आयात करताना तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडावा, आणि ज्या क्रमांकांची लांबी इतरांपेक्षा कमी दिसते त्यांची पाटी पुन्हा पाहावी.

इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ यांच्या गोंधळाबद्दल फार लिहायला नको. मोटारींच्या सतरा अक्षरी चेसिस नंबरांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुळातच वगळली आहेत. विमानाच्या सुट्या भागांत जुने-नवे, निरनिराळ्या उत्पादकांचे क्रमांक एकत्र नांदत असल्यामुळे तशा एकसारख्या शिस्तीची खात्री धरता येत नाही. मी दोन रकाने ठेवतो. एकात पाटीवर जसे आहे तसे, मोकळ्या जागा आणि आडव्या रेघांसह; दुसऱ्यात केवळ शोधासाठी, रेघा काढून आणि ओचे शून्य करून. पहिला रकाना कधीही ‘नीटनेटका’ करू नये.

बडोद्याच्या हँगरमध्ये यात भाषेचीही भर पडते. सांगणारा गुजरातीत सांगतो, ऐकणारा मराठीत समजून घेतो आणि लिहिणारा इंग्रजी आकड्यांत लिहितो. शेजारी इंजिन चालू असते. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत त्या आवाजात काहीच फरक उरत नाही. जोडीने आकडे सांगण्याची सवय मोडून एकेक अंक सुटा सांगावा, आणि अक्षरांसाठी वैमानिक वापरतात तेच ब्राव्हो, डेल्टा म्हणावे. सांगायचे टाळून छायाचित्र पाठवले तर अधिक चांगले.

सिरीयल बरोबर, तास चूक

भाग योग्य जागी आहे, क्रमांकही जुळतो, तरी त्याचे तास इंजिनाच्या तासांशी मेळ खात नाहीत, हा वेगळा रोग आहे आणि त्याचे कारण बहुतेक वेळा दोन घड्याळे असते. हॉब्ज मीटर (तास मोजणारे घड्याळ) तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचला जोडलेला असेल तर इंजिन सुरू असेपर्यंत खऱ्या वेळेने पळतो. यांत्रिक टॅकोमीटर (फेऱ्यांवरून तास मोजणारा) ठरावीक आरपीएमलाच खऱ्या वेळेशी जुळतो आणि टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) किंवा कमी फेऱ्यांवर मागे पडतो. लॉगबुकात तिसरीच गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष उड्डाणाची वेळ, धरलेली असू शकते. इंजिन एका हिशोबाने आणि मॅग्नेटो दुसऱ्या हिशोबाने मोजला, आणि दोघांत दहा टक्के फरक पडत असेल, तर ५०० तासांच्या मॅग्नेटो तपासणीपर्यंत ५० तासांची तफावत साचते. सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि टॅक्सी यांतच दिवस घालवणाऱ्या प्रशिक्षण विमानांत असे होणे स्वाभाविक आहे.

उपाय एकच: देखभाल कार्यक्रमात कोणता हिशोब मान्य आहे ते पाहून प्रत्येक पानाच्या डोक्यावर त्याचे नाव लिहावे आणि जुन्या तासांचे रूपांतर अंदाजाने करू नये. बसवल्याच्या आणि काढल्याच्या तारखांवरून त्या काळातली उड्डाणे लॉगबुकातून पुन्हा बेरीज करून घ्यावीत. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

बडोद्यात सी-२९५ विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झाल्यापासून टर्बाइन इंजिनांच्या कामात जाऊ पाहणारी आपली मुले याबद्दल विचारू लागली आहेत, म्हणून एवढे सांगतो की तिथे हा हिशोब अधिक कडक होतो. फिरत्या डिस्कचे आयुष्य सायकलमध्ये मोजतात, आणि ती मर्यादा गाठली की डिस्क कितीही चांगली दिसली तरी बाद होते. सीएफएम५६-७बी या जेट इंजिनामध्ये फॅनच्या बाजूच्या भागांना ३०,००० सायकल आणि उच्च दाबाच्या टर्बाइनच्या भागांना २०,००० सायकल अशा मर्यादा प्रचलित आहेत. काही इंजिनांत थ्रस्टचे (रेट्याचे) रेटिंग बदलले की त्याच डिस्कची मर्यादाही बदलते, म्हणून कोणत्या रेटिंगवर किती सायकल झाल्या ते वेगवेगळे लिहावे लागते. नुसती एकूण बेरीज तिथे निरुपयोगी ठरते. डिस्क बनल्या दिवसापासूनची अखंड साखळी मागितली जाते ती याचसाठी.

नोंद दुरुस्त करताना

खरा आकडा आणि खरा मार्ग सापडला की दुरुस्ती करावी, पण जुनी नोंद खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने नाहीशी करू नये. कागदावर वाचता येईल अशी एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, कारण, तारीख आणि अधिकार असलेल्या व्यक्तीची सही व शिक्का, एवढे पुरते. संगणकात जुनी नोंद पुसण्याऐवजी तिला रद्द करणारी उलट नोंद करावी आणि दोन्हींना त्या चौकशीचा एकच संदर्भ क्रमांक द्यावा. दुरुस्ती करणाऱ्यानेच ती तपासू नये.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण विसरतात. सिरीयल नंबर बदलला म्हणजे त्या भागाला लागू असलेल्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (एडी, म्हणजे नियामकाच्या बंधनकारक सुरक्षा आदेशांची) यादी पुन्हा तपासावी लागते. लायकमिंगच्या कनेक्टिंग रॉडच्या बुशिंगबद्दलची २०१७-१६-११ ही एडी घ्या. ती सर्व्हिस बुलेटिन ६३२ मधील ठरावीक क्रमांकांच्या इंजिनांना लागू होती, पण तेवढ्यावर थांबत नव्हती; ठरावीक काळात कारखान्यातून गेलेले सुटे भाग ज्या इंजिनांत नंतर बसवले गेले, तीही तिच्या कक्षेत येत होती. इंजिनाचा क्रमांक यादीत नाही एवढ्यावर ‘लागू नाही’ लिहून मोकळे होणाऱ्याची नोंद तिथे खोटी ठरते. शिवाय दुरुस्त तासांप्रमाणे भागाने एखादी तपासणी किंवा मर्यादा आधीच ओलांडली असेल, तर ती बाब त्याच दिवशी गुणवत्ता विभागाला आणि सीएएमओला (विमानाच्या उड्डाणयोग्यतेचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेला) लेखी कळवावी.

इतिहास जुळलाच नाही तर

कधी भाग हातात असतो, पाटी स्वच्छ वाचता येते, तरी तो कुठून आला हे कोणत्याच कागदातून निघत नाही. भारतातला सीए फॉर्म १, अमेरिकेच्या एफएएचा ८१३०-३ किंवा युरोपच्या ईएएसएचा फॉर्म १ यांपैकी मान्य असलेले प्रमाणपत्र फाईलमध्ये आहे, एवढ्यावरही समाधान मानू नये. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या विक्रेत्याने सीएफएम५६ इंजिनांचे सुटे भाग बनावट प्रमाणपत्रांवर विकल्याचे उघड झाले, ते पोर्तुगालच्या टॅप कंपनीच्या देखभाल विभागाने एका कागदाबद्दल थेट या इंजिनांच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या साफ्रानकडे विचारणा केल्यामुळे. त्या कागदावरची सही साफ्रानने दिलेलीच नव्हती. शंका आली की प्रमाणपत्र ज्याच्या नावाने आहे त्याच्याकडे, विक्रेत्याला मध्ये न घालता, प्रमाणपत्राचा क्रमांक, पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर पाठवून खात्री करून घ्यावी.

उत्तर येईपर्यंत भागाला लाल टॅग लावून कुलूपबंद क्वारंटाइनमध्ये ठेवावे. स्टोअरच्या कोपऱ्यातील फळीला क्वारंटाइन म्हणू नये, कारण रविवारी सुटा भाग लागला की त्या फळीवर हात जातोच. मॅग्नेटो किंवा अल्टरनेटर असेल तर मान्यताप्राप्त कार्यशाळेत त्याचे पूर्ण ओव्हरहॉल करून नवे प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता असते. ज्याच्या आयुष्याला मर्यादा आहे अशा भागाचे झालेले तास किंवा सायकल सिद्धच होत नसतील तर मात्र तो वाचवता येत नाही. तो भंगारात देताना पाटीसकट सोडू नये. भाग पुन्हा वापरता येणार नाही असा कापावा किंवा मोडावा, सिरीयल नंबर नष्ट करावा, नष्ट करण्यापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र फाईलला लावावे, आणि नोंदवहीतील त्याचे पान ‘बाद’ म्हणून बंद करून कायम जपून ठेवावे, म्हणजे तोच क्रमांक पुढे कोणत्याही खोक्यातून आला तरी प्रणाली तो स्वीकारणार नाही.